नोंदीतला फोटो: धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा बसवताना

मंडळी, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये, काजूच्या कारखान्यात किंवा मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जा, फोटो काढायची सवय आता सगळ्यांना झाली आहे. माल उतरला की फोटो, पेटी दबली की फोटो, वजनकाट्याची पावती हातात आली की फोटो. हे फोटो जातात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. मग दोन महिन्यांनी वाशीचा दलाल सांगतो की अमुक गाडीतल्या पेट्या मुळातच दबलेल्या आल्या होत्या, आणि ऑफिसमधला माणूस ग्रुप वर सरकवत बसतो. फोटो सापडला तरी तो कुठल्या चलनाचा, कुठल्या बागायतदाराच्या मालाचा, हे त्यावरून कळत नाही. शिवाय नेहमीच्या पद्धतीने पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे काट्याच्या पावतीवरचा ३ आहे की ८, हे कळेनासं होतं.

आपल्या सॉफ्टवेअरच्या पेजवरच कॅमेऱ्याचं बटण असावं आणि काढलेला फोटो त्याच क्षणी त्या नोंदीला जोडला जावा, एवढाच आजचा विषय आहे. ऐकायला सोपं वाटतं, आणि नुसतं बटण दाखवण्यापुरतं ते सोपं आहेही. पण पहिल्याच हंगामात ते बटण वापरातून जातं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. त्याची कारणं ठरावीक आहेत आणि बहुतेक आधीच टाळता येतात. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, फोटोला बिलासारखं, पावतीसारखं वागवा. पावतीला जसा नंबर असतो, तारीख असते, ती हरवली तर आपण अस्वस्थ होतो, तसं फोटोचं असलं पाहिजे.

आधी ठरवा की कॅमेरा कुठल्या पेजवर हवा. सगळ्या पेजवर नको. जिथे पुढे वाद होतो, तिथे हवा: माल आवक, प्रतवारी, गाडी रवाना आणि मशिनची बिघाड-नोंद. ग्राहकाच्या माहितीच्या पेजवर फोटोची सोय करण्यात बरेच जण वेळ घालवतात. तो फोटो कोणी काढत नाही आणि कोणी बघत नाही.

दुसरं, फोटो चलनाला जोडायचा की चलनातल्या ओळीला? एका चलनात चार ओळी असतात. एका बागेचा मोठा आंबा, दुसऱ्या बागेचा लहान, एक ओळ रिकाम्या क्रेटची. दबलेल्या पेट्यांचा फोटो ओळीलाच जोडला पाहिजे. गाडीचा नंबर आणि काट्याची पावती मात्र चलनाची. म्हणून एकच ‘फोटो काढा’ बटण देऊन नंतर प्रकार निवडायला लावू नका. ‘गाडी’, ‘काटा पावती’, ‘माल’, ‘नुकसान’ अशी वेगळी बटणं द्या. बटण दाबलं तेव्हाच प्रकार ठरला, माणसाला टाइप करायला काही उरलं नाही. गाडीखाली उभा असलेला माणूस टाइप करत नाही, हे गृहीतच धरायचं. आणि काट्याची पावती त्याच दिवशी टिपणं महत्त्वाचं आहे, कारण ती बहुधा थर्मल कागदावर असते. आपल्याकडच्या उकाड्यात तिच्यावरची अक्षरं उडून जातात.

आता एक चूक, जी जवळजवळ प्रत्येक पहिल्या आवृत्तीत सापडते. नवीन चलन उघडलं आहे, अजून सेव्ह केलेलं नाही, त्याला नंबर नाही. माणूस आधी फोटो काढतो, कारण गाडी समोर उभी आहे आणि हमाल घाईत आहेत. फोटो सर्व्हरवर जातो, पण त्याला जोडायला नोंदच नाही. मग तो तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडून राहतो किंवा त्याहून वाईट, आधीच्या चलनाला चिकटतो. यावर दोन उपाय. एक तर कॅमेरा उघडण्याआधी फॉर्म मसुदा म्हणून आपोआप सेव्ह करा. नाहीतर फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये एक यूयूआयडी (पुन्हा कधी न येणारा लांबलचक क्रमांक) तयार करा, नोंद आणि फोटो दोघांनाही तोच ओळख-क्रमांक द्या आणि चलनाचा छापील नंबर नंतर पडू द्या. नेटवर्क नसतानाही काम चालू ठेवायचं असेल तर दुसराच उपाय चालतो. आपल्या किनाऱ्यावर तो चालवावाच लागेल, त्याकडे पुढे येतो.

कॅमेरा उघडायचे मुख्य मार्ग दोन. पहिला मार्ग म्हणजे फाइल निवडायचा साधा इनपुट. त्याला फक्त इमेज स्वीकारायला सांगायचं आणि कॅप्चर या गुणधर्माची किंमत एन्व्हायर्नमेंट ठेवायची. मोबाइलवर बटण दाबलं की फोनचा स्वतःचा कॅमेरा मागच्या लेन्ससह उघडतो. चार ओळींचं काम आहे. फोनचा फोकस, फ्लॅश, एचडीआर सगळं मिळतं, फोटो उत्तम येतो. तोटे दोन, आणि दोन्ही गंभीर आहेत. एक म्हणजे हा गुणधर्म ही विनंती आहे, सक्ती नाही. कॉम्प्युटरवर तो दुर्लक्षिला जातो आणि सरळ फाइल निवडायची खिडकी उघडते. म्हणजे कालचा फोटो आजच्या चलनाला लावता येतो. पुरावा म्हणून फोटो हवा असेल तर हा मार्ग पुरेसा नाही. दुसरा तोटा स्वस्त फोनवर दिसतो. फोनचा कॅमेरा उघडला की ब्राउझर मागे जातो आणि मेमरी कमी असली की अँड्रॉइड त्याला बंद करून टाकतो. माणूस फोटो काढून परत येतो तर पेज नव्याने लोड होतंय, भरलेला फॉर्म कोरा आणि फोटोही गेला. ऑफिसमधल्या चांगल्या फोनवर हे कधीच दिसत नाही. गोदामातल्या तीन जीबी रॅमच्या फोनवर दिवसाला अनेकदा होतं. मसुदा आधी सेव्ह करा म्हणालो ते या कारणासाठीही.

दुसरा मार्ग म्हणजे पेजच्या आतच कॅमेरा. ब्राउझरच्या मीडिया-डिव्हाइसेसमधलं गेट-यूजर-मीडिया हे फंक्शन कॅमेऱ्याचा प्रवाह, म्हणजे चालतं चित्र, देतं. तो आपण व्हिडिओ एलिमेंटमध्ये दाखवतो, बटण दाबल्यावर त्यातली एक फ्रेम कॅनव्हासवर (पेजमधल्या चित्र काढायच्या चौकटीवर) उतरवतो आणि कॅनव्हासमधून जेपेग काढतो. माणूस पेज सोडून जात नाही, त्यामुळे फॉर्म पुसला जात नाही. गॅलरीतला जुना फोटो लावायचा रस्ताही बंद होतो. फोटोचा दर्जा फोनच्या कॅमेरा अ‍ॅपइतका येत नाही, पण पेटी, पावती आणि नंबरप्लेटसाठी पुरतो. आवक आणि रवाना या पेजवर हाच मार्ग घ्यावा असं मला ठामपणे वाटतं. बिघाड-नोंदीसारख्या ठिकाणी, जिथे मशिनच्या आतला बारीक भाग दाखवायचा असतो, तिथे पहिला मार्ग ठेवा.

हा दुसरा मार्ग बसवताना लोक कुठे अडकतात ते सावकाश सांगतो, कारण बहुतेक वेळ इथेच जातो.

पहिलं, गेट-यूजर-मीडिया फक्त एचटीटीपीएसवर किंवा त्याच मशिनवरच्या लोकलहोस्टवर चालतं. डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर चाचणी करतो, सगळं चालतं. मग कारखान्यातल्या फोनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता एचटीटीपीवर उघडतो आणि मीडिया-डिव्हाइसेस ही वस्तूच सापडत नाही. परवानगी नाकारल्याचा संदेशसुद्धा येत नाही, कारण ब्राउझर ते फंक्शन अशा पेजला दाखवतच नाही. आपल्याकडे अनेक कारखान्यांत सॉफ्टवेअर आतल्या सर्व्हरवर, बिनसर्टिफिकेटचं चालतं. तिथे आधी खऱ्या डोमेननावावर सर्टिफिकेट घ्या. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं आणि डीएनएसद्वारे (डोमेननावाच्या नोंदीतून) मालकी सिद्ध केली तर सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा ठेवावा लागत नाही.

दुसरं, तुमचं पेज दुसऱ्या पेजच्या आयफ्रेममध्ये बसलेलं असेल तर त्या आयफ्रेमला कॅमेऱ्याची परवानगी अलाउ गुणधर्मातून द्यावी लागते. शिवाय सर्व्हरने पाठवलेल्या पर्मिशन्स-पॉलिसी हेडरमध्ये (पेजसोबत जाणाऱ्या सूचनेत) कॅमेरा बंद केलेला नाही ना, हे पाहा. सुरक्षेसाठी कोणीतरी एक हेडर उतरवून घातलेला असतो आणि त्यात कॅमेरा कायमचा बंद असतो.

तिसरं, आयफोन. सफारीत व्हिडिओ एलिमेंटला प्लेज-इनलाइन आणि म्यूटेड हे दोन्ही गुणधर्म द्या. नाहीतर चित्र पूर्ण पडदाभर उघडतं किंवा चालूच होत नाही, नुसता काळा चौकोन दिसतो. तुम्ही पेज स्वतःच्या अ‍ॅपमध्ये गुंडाळून देत असाल तर आयफोनवर कॅमेरा का लागतो हे सांगणारं वाक्य अ‍ॅपच्या माहिती-फाइलमध्ये असलंच पाहिजे. ते नसेल तर कॅमेरा मागताक्षणी अ‍ॅप बंद पडतं. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये (अ‍ॅपच्या आत पेज दाखवणाऱ्या घटकात) परवानगीची विनंती तुमच्या कोडने स्वतः स्वीकारावी लागते, आणि साध्या फाइल इनपुटसाठी फाइल निवडायची खिडकीही स्वतःच उघडून द्यावी लागते. हे केलं नाही तर बटण दाबल्यावर काहीच होत नाही, चूकही दिसत नाही.

चौथं, परवानगी पेज उघडताच मागू नका. माणसाने ‘काटा पावती’ बटण दाबलं की मागा. तेव्हा त्याला कारण समोर दिसतं आणि तो ‘हो’ म्हणतो. एकदा नकार दिला की ब्राउझर बहुधा पुन्हा विचारत नाही, तेव्हा तुमचा संदेश उपयोगी हवा. ‘एरर’ असं नको, ‘पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर जा, कॅमेरा चालू करा’ असं मराठीत लिहा. नाकारली, कॅमेराच नाही आणि कॅमेरा दुसऱ्या अ‍ॅपने धरून ठेवलाय, या तीन चुकांना ब्राउझर तीन वेगळी नावं देतो: नॉट-अलाउड, नॉट-फाउंड आणि नॉट-रीडेबल. तिन्हींचे संदेश वेगळे ठेवा. शेवटच्या प्रकारात नुसतं ‘व्हिडिओ कॉल चालू असेल तर बंद करा’ सांगितलं की प्रश्न सुटतो.

पाचवं, मागे तीन-चार लेन्स असलेल्या फोनवर ‘मागचा कॅमेरा’ म्हटल्यावर कधी रुंद कोनाची लेन्स मिळते. मग पेटी वाकडी आणि पावती लांब दिसते. ‘कॅमेरा बदला’ असं एक छोटं बटण द्या आणि निवडलेल्या कॅमेऱ्याचा ओळख-क्रमांक त्या फोनवर लक्षात ठेवा. कॅमेऱ्यांची यादी नावासह हवी असेल तर ती परवानगी मिळाल्यानंतर मागा, आधी नावं रिकामी येतात. आणि काम झालं की प्रवाहातले सगळे ट्रॅक थांबवायला विसरू नका. नाहीतर कॅमेरा चालूच राहतो, फोन तापतो, आणि वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये तो लवकरच मान टाकतो.

तयार ईआरपी, म्हणजे सगळा धंदा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलमध्ये कॅमेरा नावाचं कोडयुनिट, म्हणजे कोडचा एक तुकडा, तयार आहे. आधी त्याला कॅमेरा उपलब्ध आहे का ते विचारायचं आणि नसेल तर बटणच लपवायचं. मग गेट-पिक्चरने मिळालेला प्रवाह मीडिया किंवा मीडिया-सेट प्रकारच्या फील्डमध्ये आयात करायचा. इथे दोन गोष्टी राहून जातात. आयातीनंतर रेकॉर्ड मॉडिफाय केलं नाही तर फोटो नोंदीत दिसत नाही. आणि मीडिया-सेटमध्ये नवा फोटो जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी जमा होतो. बदलायचा असेल तर आधी फील्ड रिकामं करा. मुंबईच्या फ्रापेने बनवलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये अटॅच-इमेज हा फील्डप्रकार आहे आणि पेजमधूनच फोटो घेणारा कॅप्चर नावाचा घटकही आहे. तो फोटो बेस-६४ मजकुराच्या रूपात (चित्राचे बाइट अक्षरांत लिहून) देतो, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढलेला. तो तसाच मजकुराच्या फील्डमध्ये साठवू नका, फाइल करून ठेवा.

आकाराचा विषय निघालाच आहे तर तो नीट पाहू. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि सुमारे चार एमबी भरतो. पॅकहाऊसमध्ये दिवसाला २०० फोटो धरले तर रोजचे ८०० एमबी. साठ दिवसांच्या हंगामात ४८ जीबी. लहान कारखाने एसक्यूएल सर्व्हरची फुकट एक्सप्रेस आवृत्ती वापरतात. तिच्या २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. फोटो डेटाबेसमध्येच ठेवले तर तेराव्या दिवशी बिलं बनणं बंद. हे ऐन हंगामात होतं. म्हणून फोटो पाठवण्याआधी फोनवरच लहान करा. लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेगचा दर्जा ०.७५ च्या आसपास ठेवला तर साधारण ३०० केबीत काम होतं आणि पावतीवरचे आकडे वाचता येतात. तोच हंगाम मग ३.६ जीबीत बसतो. तरीही मूळ फाइली डेटाबेसबाहेर, डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवा आणि नोंदीत फक्त त्यांचा पत्ता ठेवा. यादीच्या पेजवर २०० पिक्सेलचं लघुचित्र दाखवा, मोठा फोटो उघडल्यावरच मागवा. पन्नास ओळींच्या यादीत पन्नास मूळ फोटो उतरवणारी पेजं मी पाहतो, आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर स्लो झालं.

लहान करतानाही फोनची मेमरी सांभाळायला हवी. उघडलेल्या चित्राचा प्रत्येक पिक्सेल चार बाइट घेतो. १२ मेगापिक्सेलचे ४८ एमबी, ५० मेगापिक्सेलचे २०० एमबी. असे तीन फोटो एकदम उघडले की साध्या फोनवर टॅब कोसळते. एकेक करून उघडा, लहान करा, मोकळा करा. आयफोनच्या सफारीत एका कॅनव्हासची कमाल मर्यादा ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलइतकी धरून चाला. त्यापलीकडे कोरं चित्र मिळतं. आणि कॅनव्हासमधून डेटा-यूआरएल (मजकूर) काढू नका, ब्लॉब (कच्ची फाइल) काढा. कारण तेच, बेस-६४ ची तेहेतीस टक्के सूज.

कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोतून एक्झिफ माहिती गळून पडते. म्हणजे फोनने लिहिलेली वेळ, जागा, फोन कसा धरला होता हे सगळं. आडवे-उभे होण्याचा जुना त्रास नव्या ब्राउझरमध्ये बराच कमी झालाय, कारण चित्र दाखवताना ते दिशा स्वतःच सुधारतात. पण फाइल थेट सर्व्हरवर पाठवून तिथे लहान करत असाल तर सर्व्हरच्या लायब्ररीला दिशा सुधारायला मुद्दाम सांगावं लागतं. नाहीतर सगळ्या गाड्या कुशीवर पडलेल्या दिसतात.

आता नेटवर्क. घाटातून उतरताना, खाडीच्या काठी, चिऱ्याच्या खाणीत किंवा कोल्ड स्टोरेजच्या जाड भिंतीआड रेंज नसते. मिळाली तरी अपलोडचा वेग सेकंदाला २५६ किलोबिट असू शकतो. त्या वेगाने चार एमबीचा फोटो जायला दोन मिनिटं लागतात, ३०० केबीचा दहा सेकंदांत जातो. तरीसुद्धा माणसाला ते दहा सेकंद थांबवू नका. फोटो काढला की तो फोनमधल्या इंडेक्स्ड-डीबीमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ब्लॉब म्हणून ठेवा, लगेच हिरवी खूण दाखवा, पुढचं काम करू द्या. अपलोड मागे चालू राहील. फक्त खुणा दोन असाव्यात, ‘फोनमध्ये आहे’ आणि ‘ऑफिसला पोचला’. एकच खूण ठेवली तर लोक फोन बंद करून घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस म्हणतं फोटो आले नाहीत.

रांगेचे नियम थोडेच आहेत, पण ते मोडू नयेत. प्रत्येक फोटोला फोनवरच यूयूआयडी द्या. सर्व्हरने तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरी प्रत करू नये, ‘मिळाला’ एवढंच म्हणावं. अर्धवट तुटलेल्या जोडणीत फोटो पोचतो पण पोचल्याचं उत्तर परत येत नाही, मग फोन पुन्हा पाठवतो. हा क्रमांक नसेल तर एका पेटीचे चार फोटो होतात. सर्व्हरचं ‘मिळाला’ येईपर्यंत फोनवरची प्रत पुसू नका. पार्श्वभूमीत अपलोड करायची बॅकग्राउंड सिंक सोय क्रोमच्या घराण्यातल्या ब्राउझरमध्ये आहे, सफारीत नाही. तिथे पेज उघडताच आणि रेंज परत येताच रांग चालू करा. सफारी सात दिवस न उघडलेल्या साइटचा साठाही पुसून टाकू शकतं. म्हणून आयफोनवर पेज होम-स्क्रीनवर बसवून घ्या आणि सगळीकडेच ब्राउझरकडे साठा कायम ठेवायची विनंती करा.

सर्व्हरच्या बाजूला दोन मर्यादा हमखास आडव्या येतात. एनजिनेक्स हा वेबसर्व्हर मूळ मांडणीत एक एमबीपेक्षा मोठी विनंती स्वीकारत नाही, ४१३ क्रमांकाची चूक देतो. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेची एका फाइलची मूळ मर्यादा दोन एमबी आहे. फोनवर लहान केलेला फोटो दोन्हींतून जातो, पण पहिल्या मार्गाने आलेला मूळ फोटो अडतो. गंमत म्हणजे सगळेच अडत नाहीत. अंधारातला फोटो लहान असतो तो जातो, उन्हातला भरलेला अडतो. मग लोकांना वाटतं की नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. मर्यादा १० एमबीवर न्या आणि चूक आली तर ती रांगेत स्पष्ट दिसू द्या.

आपल्या हवेचंही थोडं. उणे १८ अंशांच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन बाहेर आणला की दमट हवेतली वाफ थंड काचेवर धरते. लेन्सवर धुकं येतं आणि पुढचे सगळे फोटो दुधासारखे. पुसलं तरी काच गार आहे तोवर पुन्हा धरतं. यावर कोड काही करू शकत नाही, पण कामाची रचना करू शकते. आतला फोटो आतच काढायचा आणि गाडीचा फोटो गाडी लागताना, आत जाण्याआधी. पेजवर पायऱ्यांचा क्रम तसाच ठेवा. जेट्टीवर खारा तुषार आणि माशाचे खवले लेन्सवर बसतात. पाठवण्याआधी अस्पष्टपणा मोजून ‘लेन्स पुसा’ अशी सूचना देता येते. लाप्लासियन पद्धतीने कडा किती ठळक आहेत ते काढणं सोपं आहे. पण ती मर्यादा प्रत्येक फोनला वेगळी पडते, म्हणून सूचना द्या, अडवू नका. ओल्या बोटाला स्क्रीन नीट ओळखत नाही आणि आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सोय वेब पेजला मिळत नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटण किमान ४८ डीपीचं सांगितलंय, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. मासळीच्या कामात दीडपट करा आणि दोन बटणांत मोकळी जागा सोडा.

फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही, हेही वापरणाऱ्यांना सांगावं लागतं. हापूसमधला साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, बाहेरून दिसत नाही. पेटीचा कितीही चांगला फोटो साक्याच्या वादात निरुपयोगी आहे. तिथे नमुना फळ कापून त्याचा फोटो घ्यायची वेगळी पायरी हवी आणि तिला वेगळं बटण हवं. निळ्या ताडपत्रीखाली पिकलेला आंबाही हिरवट दिसतो, पिवळ्या बल्बखाली कच्चाही पिवळा. रंगावरून प्रत ठरणार असेल तर फळांशेजारी पांढरं कार्ड ठेवा आणि जागा ठरवून द्या. काजूगरात उलटं आहे, तिथे प्रश्न आकाराचा. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. गडद ट्रेवर, शेजारी वजनकाट्याचा आकडा दिसेल असा फोटो घेतला तर नंतर कोणीही मोजून बघू शकतो.

पुराव्याबद्दल. फोटोबरोबर चार गोष्टी वेगळ्या फील्डमध्ये ठेवा: कोणी काढला, फोनच्या घड्याळाची वेळ, सर्व्हरला मिळाल्याची वेळ आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ठसा. दोन वेळा अशासाठी की फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं आणि रांगेतला फोटो उशिरा पोचतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशचा उल्लेख करावा लागतो. तो फोटो घेतानाच काढून ठेवलेला असेल तर पुढे धावपळ होत नाही. तारीख-वेळ फोटोवर छापायचा आग्रह बरेच मालक धरतात. मूळ फाइलवर काही छापू नका, छापील अहवालात खाली दाखवा. फोटो पुसायचा अधिकार काढणाऱ्याला नको. चुकीचा आला तर ‘रद्द’ अशी खूण करा आणि दुसरा काढा, जसं आपण पावती-पुस्तकातली पावती फाडून टाकत नाही.

माणसांचे फोटो आणि कागदपत्रं हा वेगळा प्रांत आहे. मालवण-तारकर्लीच्या होमस्टेत पाहुण्यांच्या आधारकार्डाचे फोटो सर्रास काढले जातात. शक्य तिथे आधारचे पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत घ्या, पाहू शकणारे लोक ठरवून द्या आणि काम संपल्यावर पुसायची तारीख नोंदीतच ठेवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा गरजेपुरतीच माहिती घ्यायला सांगतो. मालाच्या फोटोतही मागे उभे असलेले कामगार येतात. चौकटीत फक्त पेटी बसेल अशी आखीव रेघ कॅमेऱ्याच्या चित्रावर दाखवली की हा प्रश्न बराचसा कमी होतो, आणि फोटोही एकसारखे येतात.

बसवायची वेळ मात्र नीट निवडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो. हीच वेळ. सुरुवात एकाच पेजने करा, आवकेच्या. चाचणी मालकाच्या फोनवर नको, गोदामातल्या सर्वांत स्वस्त फोनवर करा. फोन विमान-मोडमध्ये टाका, दहा फोटो काढा, मध्येच ब्राउझर जबरदस्तीने बंद करा, फोन बंद-चालू करा, मग रेंज द्या. सर्व्हरवर बरोबर दहाच फोटो हवेत, नऊ नकोत आणि अकराही नकोत, आणि प्रत्येक आपापल्या ओळीला जोडलेला हवा. त्यानंतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काट्याच्या पावतीचा फोटो उघडा आणि ज्याने ती पावती पाहिलेली नाही अशा माणसाला निव्वळ वजनाचा आकडा वाचायला सांगा. त्याला शेवटचा अंक वाचता आला नाही तर दर्जा ०.७५ वरून ०.८५ वर न्या आणि पुन्हा बघा. तरीही जमलं नाही तर लांब बाजू २००० पिक्सेल करा, पण फक्त पावतीच्या बटणासाठी. गाडी आणि मालाचे फोटो १६०० वरच राहू द्या.